कार्नाकचे दगड केल्टिक नव्हेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला फ्रान्समधल्या ब्रिटनीवरचा लेख आवडला. मात्र तिथल्या कार्नाक गावचे उभे दगड केल्टिक लोकांनी रोवले, हे त्यातलं विधान चूक आहे. ते तीन हजारांच्या आसपास दगड नवाश्मयुगातले. केल्ट त्यानंतर हजारो वर्षांनी आले. तिथली आजची केल्टिक भाषा, ब्रेटन, तर 5व्या-6व्या शतकांत समुद्र ओलांडून ब्रिटनमधून आलेल्या लोकांची.

ती भाषा पाहायची तर कँपेर शहराच्या वेशीवरची पाटी पाहावी. फ्रेंच नावासोबत ब्रेटन नाव: केम्पेर, म्हणजे संगम. स्तेर आणि ओदे या नद्या तिथे मिळतात.

गेल्या जूनमध्ये मी तिथल्या एका छोट्या खाणावळीत रोज जेवत होते. मालकीणबाई साठीच्या. बिलिगवर क्रेप, म्हणजे तिथले डोसे, करायच्या. बिलिग म्हणजे गोल लोखंडी तवा. त्यावर कुट्टूचं पीठ, पाणी आणि मीठ एवढंच कालवलेलं पातळ पीठ ओतायचं आणि रोझेल नावाच्या लाकडी दांडीने एका फेऱ्यात पसरवायचं. कडा जाळीदार झाल्या की खारं लोणी, वर अंडं-चीज, आणि चारी बाजू दुमडून चौकोन. सोबत वाडगाभर ताक! (लेखात शाकाहाऱ्यांचे हाल होतात असं म्हटलंय. अंडं चालत असेल तर 'कोंप्लेत', म्हणजे अंडं, चीज आणि हॅम घातलेला क्रेप, मागवताना 'साँ जाँबों', म्हणजे हॅम नको, एवढं सांगितलं की भागतं.)

तुम्ही ब्रेटन बोलता का, असं त्यांना विचारलं. तवा पुसता पुसता म्हणाल्या, "आई बोलायची. मला नाही शिकवलं." शाळेत ब्रेटन बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडी खडाव अडकवायचे, दुसरं कुणी सापडेपर्यंत तो उतरत नसे. त्यांच्या आईच्या गळ्यात तो अनेकदा आला होता. घरी लेकीशी ती फ्रेंचच बोलली.

त्यांची नात मात्र दिवान शाळेत जाते. 1977 साली सुरू झालेल्या या शाळांत शिक्षण ब्रेटनमधून होतं. निघताना बाईंनी मला "केनावो" म्हणून निरोप दिला, तर गल्ल्याशेजारी गृहपाठ करणाऱ्या त्या पोरीने मान वर न करता आजीचा उच्चार दुरुस्त केला.

कार्नाकहून कँपेर शंभरेक किलोमीटर. लेखकाने पुढच्या खेपेला तेवढं पुढे जावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका