गुडघ्याबद्दल, आणि बाबांनी घेतलेल्या शूजबद्दल

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगायला गेलं की तुम्ही दोघं एकदम बोलता, एकजण स्पीकरवर आणि एकजण मागून ओरडून, मग मी काही नाही गं बरंय सगळं म्हणून फोन ठेवून देते. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाचा, मध्येच फोन लावू नका.

आधी महत्त्वाचं सांगून टाकते. गुडघ्यात काही तुटलेलं नाही, फाटलेलं नाही, ऑपरेशन वगैरे काही नाही. लष्कराच्या ट्रेनिंगला जाणं पण कॅन्सल झालेलं नाही, फक्त पुढच्या बॅचला जायचं ठरलंय आणि ते मी स्वतः मागून घेतलंय, कोणी मला काढलेलं नाही. आणि बाबा, हे खास तुमच्यासाठी, शूजमुळे काहीही झालेलं नाही. आई म्हणाली की तुम्ही रात्री झोपत नाही, मीच भलते शूज घेऊन दिले पोरीला असं म्हणत बसता. अहो नाही. मला तेच ऐकून इतकं कसंतरी झालं की हे पत्र लिहायला बसले.

झालं असं की तारीख आली तेव्हा माझ्या हातात तीन महिने होते आणि मला वाटलं आपण फिट आहोतच, लहानपणापासून पळतोय. आठवड्याला जेमतेम १४ किलोमीटर धावत होते मी, ते पाचव्या आठवड्यात ३८ वर नेलं, त्यात एक दिवसाआड जिने चढणं उतरणं, आणि रविवारी पाठीवर दहा किलोची बॅग घेऊन चालणं. तेही सगळं सिमेंटच्या रस्त्यावर. सुट्टीचा दिवस असा ठेवलाच नाही, सुट्टी घेतली की वाटायचं बाकीचे पुढे चाललेत. आता लिहिताना मलाच वाचवत नाहीये पण तेव्हा छान वाटत होतं, रोज मोबाईलवर आकडा वाढलेला बघायची आणि खूश व्हायची.

दुखायला लागलं ते आधी जिना उतरताना. चढताना काही नाही, उतरताना वाटीच्या मागे कुठेतरी बोथट दुखायचं. नेमकं कुठे ते बोट ठेवून दाखवता यायचं नाही, आख्ख्या वाटीवर हात ठेवून "इथे" म्हणायचे. मग बसमध्ये तासभर पाय दुमडून बसलं की उठताना. मग उकिडवं बसताना. आणि मी काय केलं तर गोळी घेऊन धावायला गेले. आई तू ओरडशील आणि ओरडच. गोळीने दुखणं झाकलं जातं, गुडघ्यावर येणारा भार थोडीच कमी होतो. दहा-बारा दिवस असे ढकलले आणि मग एका सकाळी तिसऱ्या किलोमीटरला पायच पुढे टाकवेना, रस्त्याच्या कडेला बसले ते रिक्षानेच परत आले.

फिजिओने तपासलं. याला रनर्स नी, म्हणजे धावणाऱ्यांचा गुडघा, म्हणतात, डॉक्टरी नाव पॅटेलोफेमोरल पेन. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वर-खाली सरकत असते, आपण धावतो तेव्हा जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट जोर प्रत्येक पावलाला वर येतो, आणि पाय वाकलेला असताना मांडीचा स्नायू वाटीला त्या खाचेवर दाबून धरतो तो भार याहून जास्त असतो. हळूहळू वाढवलं तर शरीराला त्याची सवय होते. एकदम वाढवलं तर तो भाग चिडतो. त्यात खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की पाऊल टेकताना मांडी आत वळते आणि गुडघा पण आत पडतो. मला आरशासमोर एका पायावर उभं करून हळूच खाली वाकायला लावलं, उजवा गुडघा सरळ डावीकडे पळाला. मुलींमध्ये हे दुखणं मुलांपेक्षा जास्त दिसतं म्हणे.

आता शूजचं. फिजिओने पहिला प्रश्न शूजबद्दल विचारलाच नाही, मीच पिशवीतून काढून दाखवत होते, हे बघा सोल, हे बघा टाच इकडून झिजलीय. ती म्हणाली ते ठेव बाजूला, मागच्या आठ आठवड्यांत किती धावलीस ते सांग. मी मोबाईल दाखवला. तिने बघितलं, परत केला आणि म्हणाली, सापडलं.

तरी बाबा तुमच्यासाठी मी नीट वाचून काढलं, कारण मला माहितीये तुम्ही तेवढ्यावर मानणार नाही. आपण दुकानात गेलो होतो तेव्हा त्या माणसाने ओल्या तळव्याचा ठसा बघून सांगितलं ना, पायाची कमान सपाट आहे, असेच शूज लागतील, आणि तुम्हाला आता वाटतंय की ते ऐकण्यात चूक झाली. तर अमेरिकेत आर्मी, एअर फोर्स आणि मरीन कोअरच्या नव्या रिक्रूटवर अगदी हेच करून बघितलंय, २००९ आणि २०१० मध्ये त्याचे पेपर आले. अर्ध्यांना कमान बघून त्याप्रमाणे शूज दिले, कमान सपाट असेल तर वेगळे, उंच असेल तर वेगळे, आणि बाकीच्यांना कमान काहीही असो एकाच प्रकारचे दिले. सगळ्यांनी तेच ट्रेनिंग केलं. शेवटी इंजुरीमध्ये म्हणावा असा फरकच नाही. म्हणजे तुम्ही दुसरे घेतले असते तरी मी ज्या पद्धतीने धावले त्यात गुडघा गेलाच असता.

मग शूजने काहीच होत नाही का, तर तसंही नाही. पायाला आरामदायी वाटतील ते घ्या, हा आत्तापर्यंत मला पटलेला सगळ्यात सरळ सल्ला. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक असतो त्याला ड्रॉप म्हणतात, तो १०-१२ मिलिमीटर असला की गुडघ्यावर जरा जास्त भार जातो, कमी असला की तोच भार पोटरी आणि टाचेच्या वरच्या शिरेवर सरकतो. म्हणजे भार कुठे पळून जात नाही, फक्त पत्ता बदलतो. म्हणून एका दिवसात एकदम पातळ सोलवर उडी मारायची नाही, नाहीतर गुडघा बरा आणि पोटरी गेली. आणि शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला बदलायचे असं म्हणतात, आपण मात्र वरून फाटेपर्यंत वापरतो, आतला फोम कधीच बसलेला असतो तरी. माझे ३०० पण झाले नव्हते.

एक खरं सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगून टाकते. ते शूज मला अर्धा नंबर लहान होते. तुम्ही एवढ्या हौसेने घेतलेत, तीन दुकानं फिरून, की माझ्या तोंडून निघालंच नाही. धावताना पाय सुजतो थोडा, पुढे अंगठ्याएवढी जागा लागते, ती नव्हती, त्यामुळे उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं. बस एवढंच. नखाचा दोष शूजचा, गुडघ्याचा माझा. आणि खरं तर नखाचाही माझाच, दुकानात सकाळी गेलो होतो आणि पातळ मोजे घालून बघितले, संध्याकाळी पाय जरा मोठा झालेला असतो तेव्हा आणि धावायचेच मोजे घालून बघायला हवं होतं. नवे घेतलेत आता, अर्धा नंबर मोठे, ते जुने मी चालायला वापरते.

आई, तुला हाडाची भीती वाटते ना, चीर पडली असेल म्हणून एक्सरे का नाही काढला असं परवा विचारत होतीस. तुझी भीती अगदीच खोटी नाही. सैन्याच्या भरतीतल्या मुलांमध्ये ही जुनी गोष्ट आहे, १८५५ मध्ये प्रशियाच्या लष्करातल्या एका डॉक्टरने लिहून ठेवलंय की लांब मार्च करून आलेल्या सैनिकांचे पाय सुजतात आणि दुखतात, पण कारण त्याला कळलं नव्हतं कारण एक्सरेचाच शोध १८९५ चा. मग फोटोत दिसलं की चवड्याच्या बारक्या हाडांना चीर गेलेली असते, म्हणून तर त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. नडगीला पण होतं. त्यात एका ठिकाणी बोट ठेवलं की जीव जातो, पुढे पुढे रात्री झोपेत पण ठणकतं. फिजिओने माझ्या नडगीवर वरपासून खालपर्यंत इंच इंच दाबून बघितलं, कुठेच तसं नाही. गुडघ्याला सूज नाही, अडकत नाही, चालताना एकदम दगा देत नाही. यातलं काहीही झालं तर थेट हाडाच्या डॉक्टरकडे जायचं हे तिने मला तीनदा बजावलंय, तेव्हा तू चौथ्यांदा बजावू नकोस.

आता सध्या काय चाललंय ते ऐक, हसशील. मला दिलेला पहिला व्यायाम कोणता माहितीये का? गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. तोच गं, तुला दोन वर्षांपूर्वी दिलेला, जो तू "हा काय व्यायाम आहे" म्हणून चार दिवसांत सोडलास. दुसरा व्यायाम, पाय सरळ ठेवून वर उचलायचा, तो पण तुझाच. मी तिथे गादीवर पडून पाय उचलत होते, शेजारच्या गादीवर तुझ्या वयाच्या एक काकू सेम तेच करत होत्या आणि त्यांचे माझ्यापेक्षा जास्त काउंट होत होते! लष्करात जायला निघालेली मी. पहिले दोन दिवस लाज वाटली, मग आमची मैत्रीच झाली.

बाकीचे जरा वरचे आहेत, कुशीवर झोपून गुडघा उघडायचा, साइड प्लँक, भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसायचं पण वेदना होणार नाही इतकंच, आणि पायरीवरून एका पायाने हळूहळू खाली उतरायचं. हा शेवटचा सगळ्यात कठीण. धावणं पूर्ण बंद नाहीये, एक मिनिट धावायचं दोन मिनिटं चालायचं असं सुरू केलंय, दुखणं दहापैकी दोनच्या वर जाता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधीइतकंच हवं, जास्त असलं की एक पायरी मागे. आणि पावलं बारीक टाकायची. मी मोजली तर मिनिटाला १५६ पडत होती, लांबच लांब ढांगा, टाच पार पुढे जाऊन आपटायची. आता १६५ च्या आसपास आणलीत, त्याच वेगात. पाच ते दहा टक्के पावलं वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो हे मोजून बघितलेलं आहे, आणि मला तर पहिल्याच दिवशी जाणवलं, फक्त दिसायला विचित्र दिसतं, घाईघाईत कुठेतरी निघाल्यासारखं.

बॅग सध्या अजिबात नाही. वजन पाठीवर घेऊन धावायचं तर नाहीच नाही, आणि लष्करी बूट घालून पण धावायचं नाही, ते बूट फक्त चालायला, आठवड्यातून दोनदा, ते मऊ व्हावेत आणि पायाला फोड येणं संपावं म्हणून.

आता कोणीतरी येऊन तुम्हाला सांगेलच की धावून गुडघे झिजतात, पोरीला म्हातारपणी चालता येणार नाही. बाबा तुम्ही घाबरू नका. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा आणि खुब्याचा संधिवात साधारण साडेतीन टक्के लोकांना होता आणि न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये दहा टक्के. स्पर्धेसाठी जीव तोडून धावणाऱ्यांमध्ये मात्र तेरा. आता यात एक गोम आहे, ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते धावतच नाहीत, त्यामुळे धावल्यानेच गुडघे चांगले राहतात असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण धावणं म्हणजे झीज हे तरी नक्कीच खरं नाही.

पुढच्या बॅचला पाच महिने आहेत. मागितली तेव्हा वाटलं होतं समोरचे हसतील, पण तिथला माणूस म्हणाला आल्यावर तिसऱ्या आठवड्यात घरी परत जाणारे बघितलेत मी, त्यापेक्षा हे बरं. तरी त्या दिवशी रात्री रडले मी, खोटं कशाला बोलू. माझ्याबरोबरच्या दोघी गेल्या पुढे. रोज मेसेज येतात त्यांचे, बघायचे की नाही तेच कळत नाही कधीकधी.

आई, रात्री नऊ वाजता टॉवेल घेऊन बस. मी पण त्याच वेळी करते, प्रत्येक पायाला दहा, तीनदा. झाले की नुसता "झालं" एवढा मेसेज टाक, खोटा टाकू नकोस, बाबांना विचारणार आहे मी.

आणि बाबा, तुमच्या चालायच्या शूजची मागची बाजू पार आत बसलीय, मागच्या वेळी आले तेव्हाच बघितलं होतं. लहानपणी माझ्यासाठी करायचात तसं करा, संध्याकाळी, मोजे घालून, कागदावर उभं राहून पायाच्या कडेने पेन्सिल फिरवा. दोन्ही पायांची, एकाची नाही, दोन्ही सारखे नसतात. उभं राहूनच हं, बसून काढली तर लहान येते. पेन्सिल आईला धरायला सांगा, तुम्ही वाकलात की वजन दुसऱ्या पायावर जातं. कागदावर टाच ते अंगठा किती सेंटिमीटर ते लिहा आणि फोटो पाठवा. यावेळी मी घेणार आहे.

तुमची,
ताई
(धाकट्याला हे वाचायला देऊ नका, नखाचं कळलं तर वर्षभर चिडवेल.)