टीव्ही कशावर ठेवायचा, त्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, आणि खरं सांगायचं तर फोनवर हा विषय निघाला की बाबा तुम्ही "आहे ते चाललंय की" म्हणता, आई तू "तुम्ही पोरं ठरवा" म्हणतेस आणि दादा लगेच मोबाईलवर फोटो पाठवायला लागतो, मग ठरत काहीच नाही. म्हणून म्हटलं निवांत लिहून काढावं. चष्मा लावून सावकाश वाचा, घाई नाहीये, पण जूनच्या आत व्हायला हवं एवढंच मनात आहे.

आधी मला काय टोचतंय ते सांगते. गणपतीत आलो होतो तेव्हा छोटू टीव्हीच्या कोपऱ्याला धरून उभा राहिला आणि आख्खा टीव्ही हलला. आई तू पळत जाऊन धरलास, मी चहा टाकत होते, मला नंतर कळलं. त्या दिवसापासून टीव्हीखालची ती लोखंडी ट्रॉली माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. ट्रॉलीत दोष काहीच नाही, 1996 च्या वर्ल्डकपच्या आधी एकवीस इंची कलर टीव्हीसोबत घेतलेली, तेव्हाचा तो खोका वीस-बावीस किलोचा असेल, मागून फुगीर, आणि खाली त्याचा सगळा भार मधोमध. ट्रॉली त्याच्या मापाची होती. आताचा त्रेचाळीस इंची टीव्ही आठेक किलोचा, पातळ, आणि त्याचे पाय दोन टोकांना. मी टेपने मोजलं होतं, दोन पायांमधे एकतीस इंच, ट्रॉलीचा वरचा पत्रा चोवीस इंच. म्हणून बाबा तुम्ही त्यावर आडवी फळी टाकलीत. ती फळी नुसती ठेवलेली आहे, बांधलेली नाही, आणि खाली चाकं. आंब्याच्या दिवसात नातवंडं येणार, दादाची दोघं आणि आमचा एक, मला खरंच भीती वाटते.

आता दादाचं म्हणणं. त्याला भिंतीवर टीव्ही लावायचाय, मागे लाकडासारखं पॅनल, खाली तरंगता ड्रॉवर, आणि जमलं तर पंचावन्न इंची. तो प्रेमाने म्हणतोय, त्याच्या फ्लॅटमधे ते सुंदर दिसतंही. पण आपली भिंत जांभ्याची आहे. बाहेरून गिलावा चांगला दिसतो, आत ड्रिल लावलं की लाल भुसा पडतो आणि भोक मोठं होत जातं. कॅलेंडरचा खिळा बसवायला बाबा तुम्हाला किती वेळा सिमेंट भरावं लागलंय आठवा. लांब फास्टनर घालून, केमिकल भरून करतात लोक, होत नाही असं नाही, पण मग टीव्ही तिथला झाला, परत काढायचा तर माणूस बोलवायला लागणार.

आणि टीव्ही काढायला लागतो, आपल्या घरात लागतो. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा लांबण लावते.

22 जुलै 2021 च्या पुराची पहाट मी पुण्यात फोन धरून काढली. शेवटचं आई तुझं "पाणी ओटीवर आलंय, आम्ही माळ्यावर चाललोय" ऐकलं आणि नंतर दोन दिवस फोन नाही. आम्ही कुंभार्ली घाटातून येऊ शकलो तेव्हा पाणी उतरलेलं, आणि पुढच्या खोलीच्या भिंतीवर चिखलाची रेघ, माझ्या छातीइतकी उंच. 2005 ला जिथे पाणी थांबलं होतं त्याच्या कितीतरी वर. ते युनिट आठवतं ना, तुमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दादाने आणि मी मिळून दिलेलं, चकचकीत, दोन ड्रॉवरचं. ते पार्टिकल बोर्डचं होतं हे मला तेव्हा माहितीच नव्हतं, लाकूड म्हणूनच घेतलं होतं. आतला भुसा पाण्याने फुगून सनमायका सुटून वर आलेला, हात लावला की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं तुटून हातात येत होतं. बाबा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, फावड्याने भरून बाहेर नेलंत. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, आपण दिलेली वस्तू आणि ती अशी. त्याच वेळी मागच्या दाराची सागवानी चौकट तशीच उभी होती, धुतली, वाळली, दार पहिल्यासारखं लागलं.

म्हणून माझं असं ठरलंय की आपल्या घरात पार्टिकल बोर्ड नको, एमडीएफ नको, तेही लाकडाचा लगदा दाबूनच केलेलं. ऑनलाईन जे पाच-सात हजारात इंजिनिअर्ड वूड म्हणून येतं ते बहुतेक त्यातलंच असतं, नाव वेगळं. पूर सोडा, नुसत्या आपल्या पावसाळ्यात, चार महिने जिथे माचिससुद्धा सर्दते तिथे त्याच्या कडा फुगतात. प्लायचं करायचं तर दुकानदाराकडे बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं, मागायचं आणि शीटवर आयएस 710 छापलंय का बघायचं, त्याला मरिन प्लाय म्हणतात. साधं एमआर प्लाय दमट हवेपुरतं, पाण्याचं नाही. पण मला प्लायसुद्धा नकोय, कारण लाकूड आपल्याकडे पडून आहे.

बाबा, पडवी पाडली तेव्हाच्या दोन जुन्या फळ्या आणि चौकटीचे उभे खांब गोठ्यात आडवे ठेवलेत ना, वर गोणपाट टाकून? गणपतीत मी मुद्दाम बघितलं. एका टोकाला वाळवीने थोडं खाल्लंय, बाकी टणक आहे, नखाने ओरखडा उठत नाही. आजोबांनी घर बांधलं तेव्हाचं सागवान, एवढं मुरलेलं लाकूड आता विकत घ्यायचं म्हटलं तरी मिळत नाही. मागचं दार दुरुस्त करून गेलेले ते सुतारकाका आहेत ना, त्यांना बोलवा आणि दाखवा. आत जुने खिळे असतील ते आधी काढायला सांगा, नाहीतर त्यांच्या रंध्याचं पातं जाईल. वाळवीचा भाग मी आले की हातभर तरी मागे धरून कापून टाकू, उरलेल्याला औषध मारून घेऊ.

करायचं काय तर बाकासारखं लांब टेबल, कपाट नाही. चार पाय, वर एक फळी, मधे एक उघडा कप्पा, बस. मागे पाठ नको, बाजूला दारं नकोत, ड्रॉवरही नको. खालून आठेक इंच मोकळं म्हणजे आई तुझा केरसुणीचा हात सरळ आत जाईल, आणि पाणी आलंच तर येईल आणि जाईल, गाळ साचून राहणार नाही. त्या रात्री दिवाण तरंगत येऊन माजघराच्या दाराला आडवा अडकला होता आणि बाबांनी तो पाण्यात उभं राहून ढकलला, हे तू मला खूप नंतर सांगितलंस. तेव्हापासून त्या खोलीत मोठी बंद पेटीसारखी वस्तू ठेवायला माझं मन घेत नाही. टेबलही तरंगेल, लाकूडच ते, म्हणून ते दाराच्या बाजूला नको, खिडकीपलीकडच्या कोपऱ्यात, आणि पाय खिडकीच्या गजाला बांधता येतील असं.

माप. हे मी बसून काढलंय, आणि तुमच्या दोघांचं भांडण कुठे आहे ते मला कळलं. बाबा आरामखुर्चीत रेलून बसतात, डोळे जमिनीपासून साधारण अडतीस इंचावर. आई खाली चटईवर, समोर भाजीची परात, तिचे डोळे अठ्ठावीस-एकोणतीस इंचावर. आत्ता ट्रॉली आणि फळी मिळून टीव्हीचा मध्य चव्वेचाळीस इंचावर जातो. म्हणजे आई रोज दीड-दोन तास मान वर करून बघते आणि मग रात्री "मान आखडली, बाम दे" म्हणते. मला वाटायचं कामाने होतं. आणि दादा दाखवतो ती हल्लीची बुटकी युनिटं, चौदा-पंधरा इंचाची, ती बाबांना चालणार नाहीत कारण त्यांच्या चष्म्यात खालचा भाग वाचायचा आहे. रेलून बसून खाली बघायला गेलं की नजर त्या खालच्या भागातून जाते, सगळं धुरकट, मग ते हनुवटी छातीला टेकवून बघतात. दिवाळीत आमच्याकडे त्या बुटक्या युनिटसमोर बसला होतात तेव्हा तसंच करत होतात, बातम्या संपेपर्यंत.

तेव्हा टेबल एकवीस इंच उंच. टीव्हीचे पाय आणि अर्धा पडदा धरून त्यावर तेरा-साडेतेरा इंच, म्हणजे मध्य चौतीसच्या आसपास येतो. बाबांना किंचित खाली, आईला किंचित वर. आई, तू चटईवर एक जाड बैठक घेतलीस तर आणखी बरं, गुडघ्यांनाही बरं. लांबी साडेचार फूट सांगा, टीव्ही सव्वातीन फुटाच्या आतला आहे, दोन्हीकडे हात टेकण्याइतकी जागा राहील. खोली सोळा इंच, सुतारकाका वीस म्हणतील, जुन्या टीव्हीची सवय असते, पण सोळा पुरेत, तेवढीच चालायला जागा.

पंचावन्न इंचीचं मनातून काढूया. खुर्चीपासून भिंत आठ फूट, तेवढ्या अंतराला त्रेचाळीस छान दिसतो, आणि मुख्य म्हणजे तो तुम्ही दोघं मिळून उचलून माळ्यावर नेऊ शकता. वाशिष्ठी नदीचं पाणी चढतंय असा निरोप आला की वायर काढायची, एकाने एक टोक, दुसऱ्याने दुसरं. भिंतीवर रेघेच्या वर लावायचा तर पाच-सहा फुटावर जाईल, मग तो बघायचा तरी कसा, माना मोडून. त्यापेक्षा योग्य उंचीला ठेवलेला आणि उचलता येणारा बरा. हे दादालाही मी सांगितलंय, तो थोडा खट्टू झाला पण त्याला पटलं.

छोटूसाठी, टीव्हीच्या मागे जी चार भोकं असतात त्यातल्या वरच्या दोनात स्क्रू घालून पट्टा टेबलाच्या मागच्या दांडीला बांधायचा, बकल दाबलं की सुटणारा. स्क्रू टीव्हीच्या मापाचेच लागतात, ते मी इथून आणते, तुम्ही घालू नका.

पॉलिशचं एक. सुतारकाका फ्रेंच पॉलिश म्हणतील, दिसतं सुरेख, पण लाखेचं असतं, ओलावा लागला की पांढरे डाग पडतात. त्यापेक्षा नुसतं जवसाचं तेल दोन-तीनदा द्यायला सांगा, दर वर्षी पावसाआधी मी आले की परत देईन. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू देऊ नका, ती आपोआप तापून पेटतात, बाहेर पसरून वाळवायची. खिळे लोखंडी नकोत, सांधे एकात एक बसवलेले आणि जिथे लागेल तिथे पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू.

आई, आता तुझ्याशी. तो क्रोशाचा रुमाल. तो तू माझ्या लग्नाच्या वर्षी विणलास मला माहितीये, आणि टीव्हीवर घातला की खोली कशी भरल्यासारखी वाटते. पण त्याची झालर पुढे लोंबते आणि रिमोट चालत नाही अशी तक्रार येते ती त्यामुळे, आणि मागची हवा जायची भोकंही झाकली जातात. तो टेबलाच्या डाव्या टोकाला अंथरूया, त्यावर तुझा चष्मा, गोळ्यांचा डबा आणि फोन. उजव्या टोकाला बाबांचा पेपर. सेट-टॉप बॉक्स मधल्या उघड्या कप्प्यात, त्यावर काही ठेवायचं नाही, आत्ता त्यावर पंचांग आहे आणि तो हात लावला की चटका बसतो एवढा तापतो. वीज कडाडायला लागली की प्लग काढायला वाकायला लागू नये म्हणून बोर्ड टेबलाच्या वर एक वीतभर घ्यायचाय, ते मी आले की वायरमनला बोलवू.

खर्चाचं बाबा तुम्ही काढू नका. लाकूड आजोबांचं, सुतारकाकांची मजुरी दादा आणि मी अर्धी अर्धी देणार आहोत. मागच्या वेळी आम्ही न विचारता, न बघता वस्तू आणून ठेवली, यावेळी तुमच्या पसंतीने होऊदे. उंची पटत नसेल तर पाटावर पाट ठेवून एकवीस इंच करा, टीव्ही त्यावर ठेवून दोन दिवस बघा, मग सांगा, एक इंच वर-खाली करू.

ट्रॉली मात्र भंगारात देऊ नका हं. ती माळ्याखाली ठेवा, पुराचा निरोप आला तर देवघरातले देव आणि कागदपत्रांची पेटी त्यावर ठेवून जिन्यापर्यंत सरकवता येईल. चाकांना ग्रीस मी आले की लावते.

मी एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सकाळच्या एसटीने निघतेय. तोवर सुतारकाकांना फक्त फळ्या दाखवून ठेवा, कापायला सांगू नका, कोणती फळी वर घ्यायची ते आपण तिघं मिळून बघू. एका फळीवर आजोबांनी कोयत्याने कोरलेली तारीख आहे, ती रंध्याखाली जायला नको, ती बाजू आतून राहूदे.

तुमची,
ताई

ता. क. – बाबा, टीव्हीच्या दोन पायांमधलं अंतर परत एकदा मोजून व्हॉट्सअ‍ॅप करा, टेप देवघराच्या कोनाड्यात ठेवलाय.