'वाट बघू नका' लिहून देणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव मला अजून माहीत नाही. बॅज उलटा फिरला होता आणि विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं. म्हणून हे पत्र असं उघड्यावर.

पहिल्या केमोनंतर तीन दिवस मी उलट्या काढल्या. गोळ्या उशाशीच होत्या, पण अगदीच असह्य झालं तर घेऊ, असं आपलं माझं चाललेलं. ती गोळी मळमळ सुरू होण्याआधीच घ्यायची असते, हे कुणी बोललंच नव्हतं. लाल औषधानंतर लघवी लाल झाली तेव्हा रक्त समजून रडले. तो औषधाचाच रंग, एक-दोन दिवसांत जातो, हेही उशिरा कळलं. फोन केला तर उत्तर आलं, "केमो म्हटल्यावर होणारच." छापील कागद मात्र दिला होता, मुंगीएवढ्या अक्षरांतला.

दुसऱ्या वेळी तुम्ही होतात. शीर मिळेना, तर टोचत न बसता हात गरम टॉवेलात गुंडाळून ठेवलात. "सुईपाशी जळजळलं तर सोसायचं नाही, लगेच हाक मारायची. हे औषध शिरेबाहेर गेलं तर जखम करतं." सोसायचं नाही, हे मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. बाकी सगळे "हिंमत ठेवा" म्हणून मोकळे.

ड्यूटी संपली होती, पर्स खांद्याला होती, तरी तुम्ही स्टूल ओढून बसलात. गोळ्यांच्या खोक्यावर पेनाने लिहिलंत : वाट बघू नका. खाली १००.४, म्हणजे ताप एवढा झाला की लगेच दवाखाना गाठायचा. तोंड आलं तर मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, जेवण धातूसारखं लागलं तर प्लास्टिकचा चमचा, हेही सांगितलंत. पण मला आठवतं ते तुमचं बसणं. उभ्याने बोलणाऱ्या माणसाला काही विचारायचा धीरच होत नाही. तुमची फार तर पाच मिनिटं गेली असतील.

अक्षर मात्र डॉक्टरांच्या वरताण, बरं का. घरी ह्यांनी वाचलं, "वाट लावू नका." पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मी हसले.

दहाव्या दिवशी रात्री ताप १००.८ फॅरेनहाइट. घरचे म्हणाले, तापाची गोळी घे, सकाळी बघू. ह्यांनी खोकं पुढे धरलं. गोळीने ताप दबतो, पण आतला संसर्ग तसाच राहतो, हेही तुम्हीच बजावलं होतं. रात्रीच निघालो. पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या होत्या. लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं.

परवा शेवटची केमो झाली. तुम्ही रजेवर होतात. खोकं दाखवून विचारलं, हे अक्षर कुणाचं? डेस्कवरच्या दोघी हसल्या, पण नाव सांगायच्या आत फोन वाजला आणि त्या उठून गेल्या.

पुढच्या महिन्यात तपासणीला येतेय. तेवढा बॅज सरळ करून ठेवा.