रॅम वाढवायला सांगण्याआधी फिगर बंद करायला शिकवा

महोदय,

हल्ली सायन्स असो, कॉमर्स असो की शेती, सगळीकडे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतात आणि ते चांगलंच आहे, पण ग्राफ काढायला शिकवताना एक गोष्ट राहून जाते आणि त्यापायी पोरांच्या घरच्यांचे पैसे जातायत म्हणून हे पत्र लिहितेय.

नेहमीचा प्रोजेक्ट घ्या, राज्यातल्या ३५८ तालुक्यांच्या पावसाचा एकेक ग्राफ काढून सेव्ह करायचा. लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणारा कोड, सुरुवातीला झकास चालतो, मग लॅपटॉप जड होत जातो, माऊस हलेना, आणि शेवटी प्रोसेस किल. एका विद्यार्थिनीला कॉलेजात सांगितलं की ८ जीबी रॅम पुरत नाही, १६ कर. घरच्यांनी खर्च केला आणि स्क्रिप्ट पुन्हा अडकलीच, फक्त थोडी उशिरा. मला याचा फार राग आला, कारण चूक रॅमची नव्हतीच.

मॅटप्लॉटलिब या पायथनच्या ग्राफ काढायच्या लायब्ररीत, तिच्या पायप्लॉट या भागाने उघडलेली प्रत्येक फिगर, म्हणजे ग्राफ ज्यावर काढतो तो कोरा कागदच म्हणा, तुम्ही स्वतः बंद करेपर्यंत मेमरीत तशीच राहते, फाईल सेव्ह झाली तरी. १२ बाय ८ इंचाचा ग्राफ ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलने, काढला तर ३६०० गुणिले २४०० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे नुसत्या चित्राचे साधारण ३५ एमबी झाले. असे ३५८ धरून ठेवायचे म्हटले तर १२ जीबीच्या वर जातं, आणि डेटा वेगळाच.

आणि लायब्ररी गप्प बसत नाही हो, २० पेक्षा जास्त फिगर उघड्या राहिल्या की ती स्वतः वॉर्निंग देते. पण पोरं नेटवरून ती वॉर्निंग बंद करायची सेटिंग उचलतात, मेसेज जातो, मेमरी तशीच भरत राहते. क्लिअर केलं की झालं असंही बऱ्याच जणांना वाटतं. पण क्लिअर केल्यावर फिगर फक्त रिकामी होते, जात नाही, आणि लूपमध्ये दरवेळी नवी उघडत असाल तर उपयोग शून्य. पांडाज या डेटा हाताळायच्या लायब्ररीतल्या प्लॉटचंही तेच, आतून तोही पायप्लॉटच वापरतो.

उपाय एका ओळीचा आहे, सेव्ह केल्यावर लगेच पीएलटी डॉट क्लोज आणि कंसात त्या फिगरचं नाव. किंवा लूपच्या बाहेर एकच फिगर उघडा आणि दरवेळी अक्ष पुसून त्यावरच काढा. स्क्रीनवर दाखवायचंच नसेल तर सुरुवातीलाच बॅकएंड, म्हणजे मॅटप्लॉटलिबचा प्रत्यक्ष चित्र उमटवणारा भाग, ॲग (Agg) ठेवा, खिडकीचा पसारा टळतो. तरीही मेमरी चढत असेल तर फिगर किंवा डेटा कुठल्या लिस्टमध्ये साठवत चाललाय का ते आधी बघा, बऱ्याचदा तिथेच सापडतं. खूपच मोठं काम असेल तर थोडेथोडे ग्राफ वेगळ्या प्रोसेसमध्ये काढा, प्रोसेस संपली की तिची सगळी मेमरी सिस्टिमला परत मिळते.

सर-मॅडम लोकांना एवढीच विनंती आहे की प्रॅक्टिकलला एकच ग्राफ काढून दाखवून थांबू नका, पन्नास ग्राफांचा लूप चालवायला लावा आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवा, एकदा क्लोजशिवाय आणि एकदा क्लोज लिहून. आणि कुणी रॅम घ्यायचं म्हणत असेल तर आधी त्याचा कोड उघडून बघा.

- एक प्रयोगशाळा शिक्षिका, सातारा