कॅमेरा राहू दे

कोल्हापूर,
रविवार, दुपार

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला कॅमेरा बघितला. किंमतही बघितली आणि बाबांना दाखवली नाही. कॅमेरा नको म्हणतेय, त्याचं कारण पैसे हे नाही. फोनवर सांगायला गेले की तू "आई, तुला त्यातलं कळत नाही" म्हणून मोकळा होतोस, म्हणून आज जेवणं उरकल्यावर कागद घेऊन बसले.

कॅमेऱ्याचं मला वावडं नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, त्या गावच्या बाईला कॅमेऱ्याची थोरवी तू पुण्यातून समजावू नकोस. अडचण एवढीच, की मी फोटो काढायला म्हणून घराबाहेर पडतच नाही. मी सायकल मारायला बाहेर पडते. वाटेत काही दिसलं तर उतरते आणि मोबाईलवर फोटो काढते. गळ्यात एवढं महागाचं धूड अडकवलं, की सगळं लक्ष खड्ड्यांकडे आणि त्या धुडाकडे. वर, पाठीवर पिशवी घेऊन निघाले तर गल्लीतल्या बायका विचारणार, "बाई, कुठं गावाला?"

शाळेत शिकवत होते तोवर स्कूटीवरून याच रस्त्यांनी गेले-आले. तेव्हा शिवाजी पूल म्हणजे माझ्या लेखी फक्त ट्रॅफिक होता. पूल कधी ओलांडून होतोय एवढंच डोक्यात असायचं. आता गंगावेशीतून पंचगंगेच्या घाटाकडे उतरते, सायकल हातात धरून पायऱ्यांच्या कडेनं चालते आणि खालून त्याच पुलाच्या दगडी कमानी बघते. थंडीत नदीवर धुकं असतं. कमानीचा वरचा अर्धा भाग दिसतो, खालचा दिसत नाही. घाटावरच्या दीपमाळा नुसत्या सावल्यांसारख्या उभ्या. धुक्यात मोबाईल गोंधळतो, सगळं करडं करून टाकतो, म्हणून जवळचं काहीतरी काळं चौकटीत घ्यायचं: एखादी नाव, दगडी खांब, नाहीतर धुणं आपटणारी बाई. मग मागचं धुकं धुक्यासारखं दिसतं. हे मला कुणी शिकवलं नाही. वाया गेलेले फोटो पुसता पुसता कळलं.

पूल ओलांडला की उजवीकडं वडणगे आणि डावीकडं आंबेवाडी, प्रयाग चिखली. तुला चिखलीचा संगम आठवत असेल, सहावीच्या सहलीला नेलं होतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ही नावं तेव्हा तू एका दमात म्हणायचास. पाचवी सरस्वती, ती गुप्त. ती का दिसत नाही म्हणून तू मला वर्गासमोर अडचणीत आणलं होतंस. आता त्या बाजूला दोन्हीकडं ऊस, आणि सध्या गळिताचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, वर स्पीकर ठणाणा. ट्रॅक्टर दिसला की मी सरळ सायकल खाली उतरवते. त्याला वाट द्यायची म्हणून उतरलं आणि उतरल्यावर काहीतरी दिसलं, असे माझे कितीतरी फोटो आहेत. ट्रॅक्टरवाल्यांचे उपकारच म्हणायचे.

गुऱ्हाळाचं मात्र सविस्तर सांगते, कारण तू "एकच एक गुऱ्हाळाचे फोटो काय पाठवतेस" असं लिहिलं होतंस.

एकच एक नसतात रे ते. सकाळी गेलं तर रस नुकताच काहिलीत, त्या मोठ्या कढईत, पडलेला असतो, हिरवट-मळकट. खाली चुलवणात वाळलेलं चिपाड सारत एकजण बसलेला असतो, त्याच्या तोंडावर जाळाचा उजेड. रस तापला की वर मळी येते. ती मळी धरून यावी म्हणून रानभेंडीचा चिकट रस घालतात. मग लांब दांड्याच्या झाऱ्यानं ती काढत राहायचं. पुढं रस आटतो, फेस चढतो, रंग पिवळ्यावरून तांबूसाकडं जातो. आणि गूळ करणारा गुळव्या? तो काहिलीकडं बघतही नाही असं वाटतं. इकडंतिकडं बोलत असतो. मध्येच पाण्यात थोडा पाक टाकून बोटांत गोळी वळून बघतो आणि एकदम ओरडतो. मग जी धावपळ होते! काहील उचलायची, सगळं निववायच्या वाफ्यात ओतायचं, घोटायचं. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं तोवर आटोपतं. त्या धावपळीचा एकही धड फोटो मला अजून मिळालेला नाही. मिळेल म्हणून परत जाते.

पण गोळी वळतानाची बोटं मिळालीत. तो फोटो मोठा करून बघ. अंगठ्याला जुन्या भाजल्याचा पांढरा डाग आहे, नखात गूळ आहे आणि त्या गोळीवर दारातून आलेला उजेड आहे. वाफेचा फोटो काढायचा तर आपण आतल्या अंधाऱ्या बाजूला थांबायचं, उजेड समोरून येऊ द्यायचा आणि स्क्रीनवर वाफेवर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढायचा. उजेडाकडं पाठ करून काढलात तर वाफ येतच नाही. आणि काचेवर गोड वाफ बसते, ती ओढणीनं पुसायची, तीही दर फोटोआधी. तुझा तो महागाचा कॅमेरा त्या वाफेत धरायला माझा जीव झाला असता का?

पहिल्यांदा गेले तेव्हा गुळव्या म्हणाला, "फोटू काढा की बाई, पर कडंनं. काईल तापलीया." एवढंच. मला वाटलं होतं नको म्हणतील. पण मी मोबाईल वर केला आणि सगळे हातातलं टाकून रांगेत उभे. ताठ, हात मांडीला चिकटवून, आधार कार्डाला काढतात तसे. मी तो फोटो काढला. मनापासून काढला, दोनदा काढला. मग ते कामाला लागले आणि मी माझे काढले. आता माझी रीतच झाली आहे: आधी त्यांना हवा तो, मग मला हवा तो. लोकांचे "नैसर्गिक" फोटो हवेत म्हणून त्यांच्या नकळत काढायचे, हे मला पटत नाही. घामाघूम झालेलं माणूस केस सारखे करू म्हणालं, तर करू द्यावेत की.

त्या रांगेच्या फोटोच्या पोस्टकार्ड साईजच्या प्रिंटा मारून पुढच्या आठवड्यात नेऊन दिल्या. चुलवणावरच्या माणसानं ती प्रिंट दोन्ही हातांनी धरली आणि आधी उलटून मागं बघितलं, काही लिहिलंय का म्हणून. मला सुचलंच नव्हतं. आता मागं गावाचं नाव आणि महिना लिहून देते. ऊसतोडीच्या टोळ्यांना तर नक्की देते, कारण ती माणसं हंगाम संपला की मराठवाड्याकडं परततात. पुढच्या वर्षी तीच भेटतील याचा नेम नसतो. त्यांच्या कोप्यांचे फोटो मात्र मी काढत नाही. ते त्यांचं घर आहे, उघडं पडलेलं असलं म्हणून काय झालं. तिथल्या एका बाईनंच हाक मारून लेकराचा काढून घेतला, तेवढा एक माझ्याकडं आहे. तो तुला पाठवला नाही, पाठवणारही नाही.

आमच्या गावात मोबाईल बघून कुणी बुजत नाही हा आणखी एक फायदा. मोठा कॅमेरा दिसला की विचारतात, "कुठल्या पेपरात येणार?" एकदा पेपर म्हटलं की झालं, मग फोटोपेक्षा रस्त्याच्या तक्रारीच जास्त.

दिवाळी पाडव्याच्या म्हशींचे फोटो तुला आवडले म्हणालास. ते माझ्या हातून कसे निघाले याचं मलाच नवल आहे. सागरमाळावर गेले होते. शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांचे पट्टे, पाठीवर रंगानं नावं. पुढं मालक मोटारसायकल रेस करत निघणार, सायलेन्सर काढलेला, आणि त्या आवाजामागं म्हैस शेपूट वर करून पळत सुटणार. एवढ्या गर्दीत, एवढ्या गाड्यांच्या कल्लोळात तिला आपल्या मालकाची हाक बरोबर कळते. मी सायकल लांब एका दारात लावली आणि भिंतीला चिकटून उभी राहिले. पळणाऱ्या म्हशीचा फोटो काढायचा तर ती समोर आल्यावर बोट लावून उपयोग नाही, तोवर ती पुढच्या गल्लीत. आधीच बोट दाबून धरायचं, फोटो धडाधड पडू द्यायचे आणि घरी येऊन निवडायचे. निवडताना मला म्हशींपेक्षा मागची माणसं आवडली. एक आजोबा, डोक्यावर लाल फेटा, दोन्ही हात वर. त्यांची म्हैस पहिली आली असावी किंवा शेवटची. चेहऱ्यावरून सांगता येत नाही.

बाकी नेहमीचंच. रंकाळा तलावावर सकाळी चौपाटीच्या बाजूनं गेलं तर समोरच्या शालिनी पॅलेसवर पहिलं ऊन येतं, संध्याकाळी त्याच्याच मागं सूर्य जातो. सगळं गाव संध्याकाळचाच फोटो काढतं. तळ्यातल्या संध्यामठाचा माझा एकही फोटो मला पसंत नाही. चित्रकार आबालाल रहिमान तो रंगवून गेले आहेत, त्यानंतर आपण मोबाईल घेऊन उभं राहायचं म्हणजे जरा लाजच वाटते. गणपतीच्या आधी गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत गेले होते. तिथं एकजण म्हणाला, "डोळं आखल्याबिगर फोटू नगो, बाई." मी मोबाईल खिशात ठेवला. डोळे आखायच्या दिवशी बोलावलं त्यानं आठवणीनं.

पावसाळ्यात माझी सायकल जवळजवळ बंदच. राजाराम बंधाऱ्यावर पाणी आलं की तिकडं फिरकायचं नाही हा बाबांचा हुकूम आणि तो मी पाळते. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे आकडे आपल्या घरी पाढ्यांसारखे पाठ आहेत. २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं तेव्हा आपल्याकडं आंबेवाडीची माणसं राहायला होती, तू होतास तेव्हा. आता नदीकाठच्या गावांतून जाताना काही घरांच्या भिंतींवर त्या पाण्याची खूण दिसते, रंगानं आडवी रेघ मारून साल लिहिलेलं. एका दारात त्या रेघेखाली एक पोरगं अभ्यास करत बसलं होतं. रेघ त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर. तो फोटो मी त्याच्या आईला विचारून काढला. ती म्हणाली, "काढा, पर आमचं नाव नगो." म्हणून तुला गावही सांगत नाही.

आता तुझं. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलास, किती किलोमीटर, किती वेळात, त्याचा नकाशा पाठवलास. कौतुक आहे. पण त्या सगळ्या वाटेत तुला काय दिसलं हे विचारलं तर म्हणालास "ट्रॅफिक". अरे, खडकवासल्याच्या कडेनं गेलास आणि पाणी दिसलं नाही? मग लक्षात आलं. तुझ्या सायकलला स्टँडच नाही! गेल्या दिवाळीत आलास तेव्हा कंपाउंडला टेकवून ठेवली होतीस आणि दोनदा पडली. वजन वाढतं म्हणून स्टँड लावत नाहीत म्हणालास. ज्या सायकलला उभं राहता येत नाही तिच्यावरून माणूस उतरणार तरी कशाला?

ये, जानेवारीअखेर येतोच आहेस. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत जातं, पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग नसले तर. आत मोबाईल चालत नाही आणि चालू नये. आपण बाहेर थांबायचं. सायकली बिनखांबी गणेश मंदिरापाशी ठेवायच्या आणि महाद्वार रोडला चालत यायचं. त्या दहा-पंधरा मिनिटांत आत सगळ्यांचं लक्ष देवीकडं असतं, पण तेच ऊन बाहेरही पडलेलं असतं. गजरेवाल्या, ओटीच्या ताटांची दुकानं, रांगेतली म्हातारी माणसं, सगळ्यांच्या तोंडावर सरळ समोरून ऊन. मला तिथं जोडीला कुणीतरी हवं आहे. गर्दीत एकटीला मोबाईलही धरता येत नाही आणि चपलाही सांभाळता येत नाहीत.

तुला काही द्यायचंच असेल तर माझ्या सायकलला डबल स्टँड आण, जुन्या सायकलींना असायचं तसं. साइड स्टँड उसाच्या पाणंदीत चिखलात रुततं आणि सायकल आडवी. इथं विचारलं तर दुकानदार म्हणतो, "काकू, आता ते येत नाही, सगळे साइडच लावतात." पुण्यात जुन्या पेठांतल्या सायकलवाल्यांकडं अजून मिळत असेल. माझं चाक २६ इंची आहे, दुकानात आधी तेच सांग, नाहीतर मोठ्या चाकाचं गळ्यात मारतील आणि मागचं चाक अधांतरी राहील. पावती घे.

गुळाचा एक रवा, ढेपच म्हण, तुझ्यासाठी ठेवला आहे. अर्धा आत्याकडं द्यायचा, विसरू नकोस.

तुझी,
आई