छत्रीवाला मेजर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू तिकडे नेदरलँड्समध्ये वाखेनिंगनहून सायकलवर रेंकुम, ओस्टरबेक करत आर्नहेमच्या पुलापर्यंत जाऊन आलीस आणि फोनवर म्हणालीस, "काही विशेष नाही बाबा, साधा पूल आहे." मी लढायांचं बोलायला लागलो की तुझी आई फोन काढून घेते, म्हणून सविस्तर लिहितोय.

सप्टेंबर १९४४, दुसरं महायुद्ध. ऱ्हाईनवरचा तो पूल विमानातून उतरलेल्या सैनिकांनी ताब्यात घ्यायचा आणि दक्षिणेकडून रणगाडे येईपर्यंत ४८ तास धरून ठेवायचा, असा ब्रिटिश सेनापती माँटगोमरीचा बेत. सुमारे १०,००० माणसांची अख्खी डिव्हिजन त्यासाठी नेमलेली, पण उतरवली पुलापासून १२-१३ किलोमीटर लांब. माझ्या मते घोळ तिथंच झाला. वाटेत जर्मनांनी अडवलं आणि पुलाशी पोचले जेमतेम ७४० जण. त्यांचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल जॉन फ्रॉस्ट. पुलाला आज त्याचंच नाव आहे. मला मात्र सांगायचंय त्याच्या ए कंपनीच्या मेजरबद्दल. डिग्बी टॅथम-वॉर्टर, वय २७.

हा पठ्ठ्या लढाईत छत्री घेऊन हिंडत होता! परवलीचा शब्द त्याच्या लक्षात राहत नसे. छत्री दिसली की आपल्या लोकांना कळेल, इतका खुळा माणूस इंग्रजच असणार, असा त्याचा हिशोब. उखळी तोफांचा मारा चालू होता आणि पलटणीचे पाद्री फादर ईगन यांना जखमींकडे जायचं होतं, पण रस्ता ओलांडायची सोय नव्हती. डिग्बीनं छत्री उघडली, त्यांच्या डोक्यावर धरली आणि चला म्हणाला. पलीकडे पोचलेसुद्धा दोघं. एका अधिकाऱ्यानं विचारलं, या छत्रीचा काय उपयोग? तर म्हणे, पाऊस आला म्हणजे?

चक्रमपणाच म्हण हवं तर. पण त्या घरांमधलं चित्र डोळ्यांसमोर आण. पाणी संपत आलेलं, गोळ्या मोजून झाडायच्या, जखमींनी तळघरं भरलेली आणि बाहेर हिटलरच्या एसएस सैन्याचे रणगाडे. अशात आपला साहेब रमतगमत येताना दिसला की विशी-बाविशीतल्या पोरांच्या पोटातला गोळा जरा तरी सैल होत असेल.

आणि या गृहस्थानं तयारीही केली होती. वायरलेसवर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून निघण्याआधीच त्यानं आपल्या कंपनीला जुन्या काळचे बिगुलाचे इशारे शिकवून ठेवले. आर्नहेममध्ये वायरलेसनं खरोखरच दगा दिला आणि याची माणसं बिगुलावर हलली. तुला प्रोजेक्टच्या ग्रुपची लीडर केलंय आणि तू म्हणतेस, मला आवाज चढवता येत नाही. नको चढवूस. तुमचे इशारे आधी ठरवून ठेव, बास.

त्याच्याच कंपनीत लेफ्टनंट जॉन ग्रेबर्न होता. जन्म १९१८ चा, कराचीजवळच्या मनोरा बेटावरचा. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती बघ. पहिल्याच रात्री पूल ओलांडायच्या प्रयत्नात त्याच्या खांद्याला गोळी लागली, तरी तो जागचा हटला नाही. २० तारखेला माणसं मागे घ्यायची वेळ आली, तेव्हा रणगाड्यांसमोर उघड्यावर उभा राहून त्यानं सगळ्यांना खुणा केल्या. त्याच संध्याकाळी तो मारला गेला. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर मिळाला.

२१ तारखेला सकाळी पुलावरचा प्रतिकार संपला. दक्षिणेकडचे रणगाडे पोचलेच नाहीत. डिग्बी जखमी होऊन पकडला गेला, इस्पितळाच्या खिडकीतून निसटला आणि तुमच्या शेजारच्या एडे गावात डच लोकांनी त्याला लपवलं. खोटं ओळखपत्र, मुका-बहिरा असल्याचं सोंग आणि बुडाखाली सायकल! एकदा तर खड्ड्यात गेलेली जर्मन गाडी ढकलायला त्यानं हातभार लावला. २२ ऑक्टोबरच्या रात्री अशी लपलेली १३८ माणसं रेंकुमजवळून नदीपार गेली. त्या मोहिमेत डच भूमिगतांच्या जोडीनं हा पुढे होता. त्याला डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. त्यांना घरात ठेवणारे सापडले असते, तर गोळी ठरलेली. हातात बंदूक नाही, पाठीशी पलटण नाही. त्यांचं धाडस मी तसूभरही कमी धरत नाही.

डिग्बीला डोक्यावर घेऊन नाचावं असंही नाही. लढाईआधी तो हिंदुस्थानात गोऱ्या पलटणीत होता, भाल्यानं रानडुकरं मारत. नंतर केनियात शेती केली आणि इंग्रजांविरुद्धचा माऊ माऊचा उठाव मोडायला स्वखर्चानं घोडेस्वार पोलीस उभे केले. साम्राज्याचा माणूस, शेवटपर्यंत. ते मला खटकतं आणि खटकत राहणार. पण म्हणून आर्नहेमचे ते चार दिवस त्याच्या नावावरून खोडता येत नाहीत.

ओस्टरबेकच्या युद्धस्मशानात १,७०० हून जास्त थडगी आहेत. ग्रेबर्न तिथंच आहे. पुढच्या वेळी सायकल थांबवून जाऊन ये, आणि फोटो मला पाठव, ग्रुपवर नको.

आई विचारतेय, मेतकूट पुरतंय का. डिसेंबरात तिकडे येणारं कुणी असेल तर आधी कळव, म्हणजे भाजणीपण देता येईल.

तुझा,
बाबा