हौदा उतरवण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. जुनी पिकअप अखेर तुझ्या दारात येऊन उभी राहिली हे वाचून मनापासून आनंद झाला. पण पुढे ‘आधी मोठे इंजिन शोधतो, बाकीचे मागाहून पाहू’ असे तू लिहिले आहेस, ते वाचल्यावर उत्तर लांबवणे मला बरे वाटले नाही. माझी गाडी तीन वर्षे खोललेल्या अवस्थेत होती आणि गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा रस्त्यावर धावली. त्या तीन वर्षांतले पहिले आठ महिने मी इंजिनापासून सुरुवात केल्यामुळे गेले, कारण नवे केलेले इंजिन बसवायला गेलो तेव्हा ते ज्या चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसायचे तीच ठिकठिकाणी पोखरलेली निघाली. म्हणून तुला आग्रहाने सांगतो की जे गाडीला पेलते आणि जे तिला थांबवते ते आधी दुरुस्त कर. पळवणाऱ्या भागाची पाळी त्यानंतर येऊ दे.

या कामासाठी पिकअपइतकी सोयीची दुसरी गाडी नाही. चासी वेगळी, केबिन वेगळे आणि मागचा, सामान ठेवायचा उघडा हौदा वेगळा ही तिची रचना फार जुनी आहे. फोर्ड कंपनीने १९२५ साली मॉडेल टी गाडी कारखान्यातूनच हौद्यासह विकायला काढली, तेव्हाही ती अशीच होती. आजच्या बहुतेक मोटारींमध्ये पत्रा हाच सांगाडा असतो, त्यामुळे एक भाग कापला की सगळ्याचा तोल बिघडण्याची भीती असते. इथे मात्र हौद्याचे बोल्ट काढले की चार माणसे तो उचलून बाजूला ठेवतात आणि चासीचा मागचा अर्धा भाग उघडा होतो. ते बोल्ट गंजून एकजीव झालेले असतील. त्यांच्यावर जोर लावण्याआधी दोन-तीन दिवस रोज गंज सोडवणारे तेल सोडत राहा, आणि तरीही सुटले नाहीत तर ते कापून टाक. बोल्ट नवे मिळतात, पिळवटलेली चासी नवी मिळत नाही.

चासी उघडी झाली की हातोडी घेऊन तिच्या प्रत्येक इंचावर हलके ठोके मार. निरोगी पोलाद खणखणते आणि पोखरलेले पोलाद बद्द वाजते. काही दिवसांनी कानाला हा फरक इतका कळू लागतो की डोळ्यांची गरज भासत नाही. पाट्यांच्या, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या लवचिक पोलादी पट्ट्यांच्या, टोकांना धरणारे ब्रॅकेट जिथे चासीला जोडलेले असतात, तिथे सर्वांत जास्त वेळ घालव. दुहेरी पत्र्यांच्या मध्ये तिथे माती साचते, माती ओल धरून ठेवते आणि गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे वरून रंग शाबूत दिसला तरी त्यावर विश्वास ठेवू नकोस. चासीच्या चार कोपऱ्यांवर सारख्या जागी खुणा करून दोन्ही कर्ण मोज. त्यांत काही मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर ही चासी कधीतरी धक्का खाऊन तिरकी झालेली आहे आणि ती सरळ केल्याशिवाय पुढच्या कोणत्याही खर्चाला अर्थ नाही. तडा दिसला तर नुसता त्यावर वेल्डिंगचा थर ओढू नकोस. तडा जिथे संपतो तिथे बारीक भोक पाड, म्हणजे तो पुढे सरकणार नाही. मग तो ग्राइंडरने खणून वेल्डिंगने भर आणि वरून बसवायच्या पट्टीची टोके निमुळती कर, कारण चासीला आडव्या, सरळ रेषेत दिलेल्या जोडाच्या कडेलाच पुढचा तडा जन्माला येतो. हे काम तुझ्या हाताला नवे असेल, तर एवढे एक अनुभवी वेल्डरकडून करून घे. चासी ही शिकण्याची जागा नव्हे.

पत्र्यावर मात्र अवश्य शीक. केबिनचे खालचे कोपरे, दारांखालचे पोकळ उंबरे आणि पायाखालचा तळ इथला पत्रा गेलेला असणारच. तळ कापण्याआधी दाराच्या चौकटीत दोन आडव्या नळ्या तात्पुरत्या वेल्ड करून ती जागच्या जागी बांधून ठेव. मी हे केले नाही. उंबरा कापल्याबरोबर चौकट किंचित मिटली, नवा उंबरा मी त्याच मिटलेल्या मापावर जोडला आणि डावे दार लावायला गेलो तर ते अर्ध्या बोटाने अडत होते. सगळे जोड ग्राइंडरने पुन्हा उघडून मूळ जागी येईपर्यंत दोन महिने गेले. केबिनचा पत्रा साधारण १ मिलिमीटर जाडीचा किंवा त्याहून थोडा पातळ असतो, म्हणून सलग शिवण घालू नकोस. एक टिपका इथे, पुढचा वीतभर अंतरावर, आणि मधली जागा हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचे. घाई केली की पत्रा उष्णतेने लाटेसारखा उठतो आणि ती लाट लांबी, म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवायचा लेप, भरून झाकावी लागते. लांबी ही केसाएवढ्या उणिवांसाठी असते. बोटभर जाड लांबीखाली गंज निर्धास्त वाढतो.

छोट्या गंजलेल्या भागांसाठी मला सर्वांत आवडलेली पद्धत विजेची आहे. प्लास्टिकच्या टबात चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा या प्रमाणात धुण्याचा सोडा विरघळव, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा एखादा निरुपयोगी तुकडा धन टोकाला जोड, आणि रात्रभर ठेव. सकाळी गंज काळ्या गाळासारखा ब्रशने निघतो आणि खालचे चांगले लोखंड जराही झिजत नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नकोस, कारण त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. टब उघड्यावर ठेव, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. पाट्यांसारखे कठीण पोलाद मात्र या टबात घालू नये. हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते.

वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी आणि तिच्या नळ्या गाडीवरून पूर्ण काढून दूर ठेव, एवढे तुला सांगायला नको. एक गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रव असतो, आणि तो पूर्ण वाळला नसताना त्या जागी वेल्डिंगची ठिणगी पडली तर फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. डब्यावरचा मजकूर वाच आणि असा फवारा वेल्डिंगच्या जागेत आणूच नकोस.

आता ब्रेक. तुझी गाडी ज्या काळातली आहे, त्या काळात चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचा एकच मार्ग असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणजे एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. तिथे दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पायाचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा भाग, बसव, आणि हा बदल इंजिनाच्या कोणत्याही बदलाच्या आधी कर. लोखंडी नळ्या, रबरी नळ्या आणि चाकांजवळचे व्हील सिलिंडर सगळे नवे घे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो: डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते, डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. जुन्या ऑइलवर लांब उतार उतरताना पाय एकाएकी तळाला टेकतो, तो याच कारणाने. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये (घासणाऱ्या अस्तरात) अ‍ॅस्बेस्टस असू शकते, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नकोस. ओल्या फडक्याने पूस आणि ते फडके पिशवीत बंद करून टाक.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावण्याचा तुझा विचार मला पूर्ण मान्य आहे, फक्त दोन गोष्टी मनात ठेव. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये मास्टर सिलिंडर केबिनच्या तळाखाली, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असतो; अशा वेळी ऑइल परत मागे उतरू नये म्हणून नळीत सुमारे २ पीएसआय (दर चौरस इंचाला २ पौंड) दाब राखून धरणारी झडप लागते. दुसरी गोष्ट खास पिकअपची आहे. रिकाम्या हौद्यामुळे मागचा भाग हलका असतो, ब्रेक दाबताच वजन आणखी पुढे सरकते, आणि मागची चाके आधी जखडून गाडी फिरते. मागच्या मार्गात दाब कमी-जास्त करता येणारी झडप बसव आणि मोकळ्या, निर्मनुष्य जागी हौदा रिकामा ठेवून ती जुळव, म्हणजे पुढची चाके नेहमी आधी जखडतील.

एवढे झाल्यावर इंजिन. ते बदलायचे की नाही हे ठरवण्याआधी त्याला बोलू दे. इंजिन गरम कर, सगळे स्पार्क प्लग काढ, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धर आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून वहीत लिही. एकूण आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती हे महत्त्वाचे. जो सिलिंडर कमी दाखवेल त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोज. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालच्या पातळ थरात, आहे. माझ्या इंजिनात तिसरा सिलिंडर कमी होता आणि तेलाने तो हलला नाही. हेड उघडले तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक खोल झिजलेली निघाली. जुन्या काळी पेट्रोलमध्ये शिसे असे आणि त्याचे क्षार या बैठकीवर पातळ थर धरून तिला वाचवत. मोटारींसाठीचे शिशाचे पेट्रोल २०२१ साली जगातून पूर्णपणे संपले, आणि ते संपले हे सर्वांच्या आरोग्याच्या दृष्टीने उत्तमच झाले, पण बैठका अशा झिजल्या असतील तर जुन्या हेडला कठीण पोलादाच्या बैठका बसवून घेणे भाग आहे. तेवढे केल्यावर माझे मूळ इंजिन आज शांतपणे चालते.

मोठ्या इंजिनाचा मोह मला समजतो. पण त्याचा जोर वाढला की गिअरबॉक्स, शाफ्टचे जॉइंट, डिफरन्शियल (मागच्या एक्सलमधला, चाके फिरवणारा गिअरसंच), रेडिएटर आणि पुन्हा ब्रेक, अशी साखळीच बदलावी लागते, आणि शेवटी जी उरते ती वेगळीच गाडी असते. तुझी खरी तक्रार मी पत्रात नीट वाचली: वेग वाढला की इंजिन ओरडते. तो इंजिनाचा अशक्तपणा नाही. पिकअपला ओझे ओढण्यासाठी डिफरन्शियलमध्ये छोटा गिअर दिलेला असतो. समज, तुझ्या गाडीत ४.५ चे गुणोत्तर आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे साडेचार फेरे होतात, आणि एका वेगाला इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते, तिथे ३.७ चे गुणोत्तर बसवले तर त्याच वेगाला ते सुमारे २४७० फेरे घेईल. चढावर भरलेल्या हौद्याने थोडा जोर कमी वाटेल, म्हणून ओझे नेहमी वाहायचे असेल तर त्याऐवजी पाच गिअरचा गिअरबॉक्स बघ. यांपैकी एक बदल तुला जे हवे आहे ते देईल, आणि मूळ इंजिन जागेवर राहील.

पाट्यांमधला एकही पाटा आरामासाठी काढू नकोस. सगळे सुटे करून गंज काढ, मध्ये ग्रीस लाव, बुश नवे घाल. निम्मा कडकपणा गंजाचाच होता हे तुला दिसेल. यू बोल्ट मात्र एकदा सोडले की नवेच घ्यावेत, कारण आवळताना ते ताणले गेलेले असतात. गाडी खाली बसवण्याबद्दल तू विचारले आहेस. एक्सल पाट्यांच्या वर घेतला की गाडी खूप खाली येते हे खरे, पण मग एक्सल चासीला आपटू नये म्हणून चासीलाच खाच पाडावी लागते. इतक्या कष्टाने धड केलेली चासी कापायला माझा हात धजला नाही.

विजेच्या कामात डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर घालशील तर आधी बॅटरीचे कोणते टोक चासीला जोडलेले आहे ते तपास. अनेक जुन्या गाड्यांत धन टोक चासीला असे, आणि उलट जोडणीत अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात. हेडलाइटला रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि जाड वायर दे. साध्या बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी पोचले तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो. सीटबेल्ट तीन बिंदूंचेच लाव आणि त्यांचे बोल्ट नुसत्या पत्र्यात न घेता मागून जाड पोलादी पट्टी देऊन घे.

रंगाबद्दल थोडेच लिहितो. हार्डनर मिसळायच्या रंगात आयसोसायनेट ही फुप्फुसांना घातक रसायने असतात आणि साधा मास्क त्यांना पुरत नाही, म्हणून शेवटचा रंग बाहेरून मारून घे. हौद्याच्या आतला पत्रा मी मुद्दाम सपाट केला नाही. गंज काढला, प्रायमर आणि जाड रंग दिला, पण त्यावरचे पोचे तसेच ठेवले. कोणीतरी कितीतरी वर्षे त्यात वजने टाकली, ओढली, उतरवली; त्याच्या या खुणा ठोकून पुसून टाकण्याचा हक्क मला आपला वाटला नाही. तुझ्या हौद्याचे काय करायचे ते तू ठरव.

गाडीच्या नोंदणीवर या बदलांचा काय परिणाम होतो हे कामाला हात घालण्याआधी विचारून घे. दाबाचे आकडे आणि पाट्यांच्या मागच्या ब्रॅकेटचे जवळून काढलेले फोटो मला पाठव. हौद्याच्या बोल्टांवर आजपासूनच तेल सोडायला लाग. उतरवायचा दिवस ठरला की कळव. चार माणसे लागतात, त्यांतला एक मी येतो.

तुझा,
जुना मित्र